चटणीतली अळिंबी

दाक्षायणीअक्कांना कुणी हुशार म्हटलं की मला आधी हसू येतं, मग रडू. आमच्या शेजारच्याच त्या, भिंतीला भिंत लागून घर. मागच्या खोलीत अळिंबी, म्हणजे मशरूम, पिकवतात. भिजवलेला पेंढा भरलेल्या पिशव्या टांगून ठेवतात, त्यांतून पांढरे गुच्छ फुटतात आणि हॉटेलवाले येऊन घेऊन जातात. घरात मात्र एक तुकडा शिजायचा नाही. कारण नवरा! शिवप्पाआण्णा अक्कलकोटकडचे लिंगायत, गळ्यात लिंग, अळिंबी त्यांना मांसासारखीच वर्ज्य, आणि हट्ट म्हणाल तर विचारू नका. “कुत्र्याची छत्री ती! माज्या ताटात आली तर ताट फेकून दीन.”

या आण्णांच्या पोटात अल्सर निघाला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि शेंगाचटणी बंद केली. सोलापूरच्या माणसाची शेंगाचटणी बंद करायची, सोपं आहे का? आण्णा गोळी घ्यायचे आणि वरून चटणीही खायचे. मग पोट धरून ओट्यावर वाकून बसायचे. अक्कांचा जीव तीळतीळ तुटायचा.

त्यातच अक्का अळिंबीच्या एका शिबिराला जाऊन आल्या. तिथल्या मॅडमनी सांगितलं, काही अळिंब्यांत अँटिऑक्सिडंट असतात, पेशींची झीज रोखणारी द्रव्यं; पोटाच्या आतल्या अस्तराला त्यांचा फायदा होतो का, यावर प्रयोग चालू आहेत. अक्कांनी ‘पोट’ आणि ‘फायदा’ एवढंच घरी आणलं. अळिंबी वाळवली, दळली आणि गुपचूप शेंगाचटणीत मिसळली. वास कळू नये म्हणून तिखट वाढवलं, लसूण वाढवला.

“अहो अक्का, पण तिखट?” मी विचारलं.

“तिखट ते आधीपासून खातातच की गं. औषध तर पोटात जातंय!”

कप्पाळ माझं!

एका दुपारी जेवता जेवता आण्णांना रक्ताची उलटी झाली. रिक्षात घालून नेलं. अक्का दवाखान्याच्या फरशीवर बसून माझा हात सोडेनात. “हा माणूस गेला तर मी कुणासाठी चूल पेटवू गं?” एवढंच पुन्हा पुन्हा.

आण्णा वाचले. काय खाल्लं होतं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि अक्कांनी आण्णांच्या देखतच सगळं सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मॅडम खोटं नाही बोलल्या. पण त्यातले बरेचसे प्रयोग उंदरांवरचे आहेत, आणि त्या उंदरांना कुणी शेंगाचटणी वाढली नव्हती! औषध म्हणजे गोळ्याच. अळिंबी खायचीच तर भाजी म्हणून खा, मऊ शिजवून, बिनतिखटाची.”

आण्णांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. घरी आल्यावर दूधभात वाढला, तो बाजूला सारला. अक्का माझ्यापाशी येऊन ढसाढसा रडल्या. “मी धर्म बुडवला त्यांचा. आता माझ्या हातचं खायचेच नाहीत.”

दुसऱ्या दिवशी मी ताक द्यायला गेले, तर आण्णा चुलीपाशी पाट टाकून बसलेले.

“ती छत्री शिजीव,” ते म्हणाले.

“नको हो. पुरे झालं ते.”

“शिजीव म्हंतो न्हवं! पर माज्या म्होरं. लपवाछपवी नगं.”

अक्कांनी चमचाभर तूप आणि मीठ घालून अळिंबी मऊ शिजवली. आण्णांनी लिंगाला हात लावला आणि घास घेतला. बराच वेळ चावला. “अय्यो, चवच न्हाय की हिला,” म्हणाले, आणि ताट अक्कांपुढं सरकवलं. “आता तू.”

“मी? मी कधी तोंडातसुद्धा घातली नाही. मला मळमळतं.”

“मग पाप मी एकट्यानंच करायचं व्हय?”

अक्कांनी डोळे गच्च मिटले आणि घास तोंडात टाकला. गालांवरून पाणी ओघळत होतं. आण्णा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “चाव नीट, गिळू नगंस. तुला काय झालं तर मला कोन हाय?”