भेंडीच्या कडेची टिटवी

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाय, तरी तुमाला कळावं म्हणून सांगती: मोहनराव. शेळगावात कुणालाबी इचारा, भेंडी म्हणली की मोहनरावांची. बारामतीच्या मार्केट यार्डात ह्यांचा माल उतरला की व्यापारी उठून चहा सांगतात. माणूस कष्टाळू, सुपारीच्या खांडाचंबी व्यसन न्हाय. पण साठीला टेकल्यावर ह्यांनी सवत आणली, आन् मी ठमाबाई, मलाच ती सोसावी लागली.

सुरुवात केली आमच्या थोरल्यानं, सुयोगनं. त्यानं नवा कॅमेरा घेतला आन् जुना आणून बापाच्या गळ्यात घातला. मालक तो घिऊन भिगवणला फ्लेमिंगो बघाय गेलं, नावंत बसलं, आन् तितनं आलं ते येडं हूनच. मंग कवा बांधावर पालथं, कवा पाटाच्या कडंला पालथं. मी जेवाय हाका मारून घसा बसवायचा, आन् ह्यांनी हातानंच गप म्हणायचं. का, तर पाखरू उडंल!

त्येबी सोसलं. पण ह्या उन्हाळ्यात भेंडीच्या कडंला, मोकळ्या ढेकळात टिटवीनं अंडी घातली आन् माझं डोकंच फिरलं. टिटवीची अंडी दिसली की तेवढी जागा सोडून नांगरायचं, ही आमच्याकडची रीतच हाय. माझा सासराबी सोडायचा. पण ह्यांनी भोवती काट्या रवल्या, ट्रॅक्टरवाल्याला दम दिला, आन् ताटावर बसलं की तिचंच कौतुक. "अगं, तिची चोच लाल, पण टोक तेवढं काळं. आन् उन्हात पाठीवर काय चकाकी येती गं!"

अगं बया! माझ्या हनुवटीवर गोंदण हाय, ह्ये तरी ठाव हाय का ह्या माणसाला? लग्नाला जन्म लोटला, एकदा तरी म्हणलं का, आज बरी दिसतीस म्हणून? नुस्ता जळफळाट झाला माझा. पाखराचा हेवा करती म्हणून शेजारची साखरबाई मला हसली. हसू दे. तिचा नवरा तिला डोळं भरून बघतो, तिला काय कळायचं!

आता गंमत ऐका. टिटवी ह्यांना जवळ यिऊच देईना. ह्यांना बघितलं की उठायची, आन् डोक्यावर घिरट्या घालून असा कालवा करायची की सारं शिवार गोळा व्हावं. ह्यांना पायजे हुता अंड्यावर बसलेला फोटू, त्यो काय मिळंना. आन् एक दिवस ह्यांनी बघितलं, मी शेजारच्याच सरीत भेंडी तोडतीय आन् टिटवी अंड्यावर निवांत बसलीय.

"तुला बघून का उठत न्हाय ती?"

"तुमी तिला बघाय येता. मी माझ्या कामाला येती."

तोंड असं उतरलं ह्यांचं! आता जळायची पाळी त्यांची हुती. मी त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी तोडणीला वाकले आन् मागं वळून बघती तर काय, मालक माझी जांभळी साडी गुंडाळून, डोक्यावर पदर घिऊन, मिशीसकट सरीतनं रांगत येत्यात! पदराखाली कॅमेरा. हसून हसून माझ्या पोटात कळ आली. पण टिटवी काय येडी न्हाय. उठली आन् बोंबलत सुटली.

मालक साडीत अडकून ढेकळावर बसलं. "तुझीच साडी हाय की ही! फसायला पायजे हुती."

माझं हसू तितंच थांबलं.

"डोळं मिटा," मी म्हणलं. "मिटा म्हणती ना! आता सांगा, मळ्यात माझ्या अंगावर काय असतं?"

"साडी."

"आन् साडीवर?"

मालक मिटल्या डोळ्यांनीच अंगावरचा पदर चाचपाय लागलं.

"टिटवीला ठाव हाय. भेंडी अंगाला खाजती म्हणून साडीवर शर्ट घालती मी. निळ्या चौकड्याचा. तुमचाच हाय, सुयोगच्या लग्नातला."

मालकांनी डोळं उघडलं. शर्टाकडं बघितलं, मंग पदराखालनं हळूच कॅमेरा काढून माझ्याकडं धरला.

"ठेवा खाली त्यो," मी म्हणलं. "आधी नुस्तं बघा."