माझे आभार आणि संध्याकाळची पॅसेंजर

आमच्या अर्जुनी मोरगावच्या लहानशा कॉलेजात दर हिवाळ्यात तीन दिवस व्याख्यानं होत. एक दिवस कलेचा, एक साहित्याचा, एक विज्ञानाचा. गावातल्या कोणीही येऊन बसावं. घरोघरी मोबाइल यायचे होते तेव्हाची गोष्ट. मी महिला मंडळाची अध्यक्ष, केस नुकतेच पांढरे व्हायला लागलेले, आणि मनात पक्कं की आपला जन्म माईकसाठीच झालाय. हे माईकला तेवढं कोणी सांगितलं नव्हतं.

अखेर एका वर्षी प्राचार्यांनी विज्ञानाच्या दिवशीचं आभारप्रदर्शन माझ्याकडे दिलं. "दोनच मिनिटं, ताई," ते म्हणाले. मी आठवडाभर पाठांतर केलं. फोडणी देता देता कढईचेसुद्धा आभार मानून पाहिले.

वक्ते गोंदियाचे, प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. विषय साप. सुरुवातीलाच म्हणाले, "आज माझ्या लग्नाचा वाढदिवस आहे. संध्याकाळची पॅसेंजर चुकली तर घरी जो फणा निघेल, त्यावर उतारा नाही." सगळे हसले. गोंदियाकडे जाणारी त्या दिवसाची ती शेवटची गाडी. बिचाऱ्यांनी घड्याळ समोर ठेवून भाषण वेळेत संपवलं. स्टेशनवर जाऊन चहा पिण्याइतका वेळ हातात होता.

मग मी उठले.

कार्यक्रमाच्या अध्यक्षांचे आभार मानले, प्राचार्यांचे मानले. मंडपवाला, माईकवाला, चहावाला, सतरंज्या अंथरणारी पोरं. धानातले उंदीर खातात म्हणून सापांचेही मानले. आभार आणि राष्ट्रगीत झाल्याशिवाय पाहुण्यानं मंचावरून उतरायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सर बॅग घेऊन उभे राहिले. मला वाटलं, माझ्या मानासाठी उठले! पोरांनी टाळ्या सुरू केल्या, त्या थांबेचनात. असल्या टाळ्या कशाला वाजवतात ते आता कळतं. तेव्हा वाटलं, रंग चढला. म्हणून आधीच्या दोन दिवसांच्या वक्त्यांचेही आभार उरकून घेतले. तेवढ्यात स्टेशनकडून भोंगा ऐकू आला. मी हात उंचावून म्हणाले, "आणि आपल्या पाहुण्यांना वेळेवर घरी नेणाऱ्या रेल्वेचेही..."

सर खाली बसले.

पाहुण्यांचा मुक्काम अर्थातच आमच्याकडे. घरात पाऊल टाकताच ह्यांनी चहाआधी फोन दाखवला. सरांनी घरचा नंबर फिरवला. पलीकडचा आवाज आमच्या चुलीपर्यंत येत होता.

"हर बार नया बहाना! धन्यवाद सुनते-सुनते किसी की गाड़ी छूटती है क्या?"

सर काहीतरी पुटपुटले. त्यांचा चेहरा पाहवेना. मी पदर खोचून पुढे झाले.

"तू कायले मधात जाऊन राहिली व?" हे म्हणाले. तोवर रिसीव्हर माझ्या हातात होता.

"मॅडम, मैं वो आभार माननेवाली बोल रही हूँ. सर की गलती नहीं. हुआ ऐसा, के पहले मैंने अध्यक्ष महोदय के आभार माने. वो बड़ी दूर से आए थे, रास्ता खराब, फिर भी आए. उनके बाद प्राचार्यजी के. अब प्राचार्यजी का स्वभाव ऐसा है के..."

असं क्रमानं सांगत मी मंडपवाल्यापर्यंत आले. त्याच्या काकाचं दुखणं सांगायचं होतं, तोच पलीकडून आवाज आला, "बस, बस, बाई! पूरा यकीन हो गया. उनको फोन दो."

सरांनी फोन घेतला आणि ऐकता ऐकता हसायला लागले. "खाना खाके आराम से सो जाओ," असं म्हणाल्या म्हणे, "बेचारे!" ह्यांनी सुटकेचा निःश्वास सोडून पाट मांडले.

मला मात्र त्या बाईचा जरा रागच आला. मुद्द्यावर येऊच दिलं नाही.