आजीचा डावा हात

ऑकलंडला आमच्या शेजारच्या सामोअन घराच्या अंगणात आजी नातीला लग्नातला नाच शिकवत होती. त्यात गोष्ट हातांनी सांगतात. तरुणपणी पडल्यापासून आजीचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. नातीनेही आपला हात तिथंच थांबवला.

“तुझा खांदा धड आहे ना? मग वर ने!”

“आईपण एवढाच नेते.”

“तूच तसं शिकवलंस,” दारातून लेक म्हणाली.

परंपरेवरची भाषणं मी पुष्कळ ऐकली, त्यांत आखडलेल्या खांद्याचा उल्लेख कधी आला नाही. मूळ नाच आता एकट्या आजीलाच ठाऊक होता. तिने उजव्या हाताने डावा धरला आणि दात आवळून डोक्यावर चढवला.

“पक्षी इथवर उडतो. दोघी बघून घ्या गं लवकर, दुखतंय.”