सासूबाईंबरोबर रसाळगड

लग्न होऊन मी खेडला आले तेव्हा लोट्याला कंपन्या नुकत्या उभ्या राहत होत्या. नवऱ्याला तिथेच नोकरी होती. त्याची पाळी बदलली की घरातल्या जेवणाझोपेच्या वेळा बदलायच्या. मी शाळेत शिकवायचे. घरात आमच्याशिवाय सासूबाई. पन्नाशी उलटलेली, अंगाने किडकिडीत, बोलणं मोजकं. त्यांना नुसतं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बसल्या तरी पुढ्यात फोडायला चिंच नाहीतर निवडायला तांदूळ असायचेच.

त्यांचं माहेर रसाळगडाच्या पायथ्याशी. एका हिवाळ्यात भावाकडे पूजा होती म्हणून आम्ही दोघी एसटीने गेलो. भात झोडून झालं होतं, अंगणाच्या कडेला पेंढ्याची उडवी रचलेली होती. पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता मी समोरच्या गडाकडे बघत राहिले.

"आई, वर काय आहे हो?"

"देऊळ आहे म्हणतात. तोफा आहेत म्हणतात."

"म्हणतात म्हणजे? तुम्ही गेलाच नाहीत कधी?"

"कोण नेणार? बापये जायचे. आम्ही खाली, गुरांमागे नि लाकडांना. मग लगीनच झालं."

"आज जाऊया?"

त्या हसतील असं वाटलं होतं. पण त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि आत जाऊन भावजयीला म्हणाल्या, "चार भाकऱ्या जास्त थाप गो."

भाऊ ओटीवर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. ते काळजीत पडले. "वाटाड्या कुठला मिळायचा आता? बापये सगळे मुंबईस. माझा पाय हा असा. तुम्ही दोघी बायका कशा जाल?"

"अरे, गड समोर दिसतोय," सासूबाई म्हणाल्या. "तो काय पळून जातोय?"

नाचणीच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि पाण्याची कळशी घेऊन आम्ही निघालो. कळशी कशाला, असं मी म्हटलं, पण रिकाम्या डोक्याने चालायची त्यांना सवयच नव्हती.

गावामागची दगडी पायऱ्यांची पाखाडी संपली आणि रान लागलं. पहिला चढ सोपा होता. पुढे वाटेला दोन फाटे फुटले. डावीकडची वाट रुंद होती, म्हणून आम्ही ती धरली. बराच वेळ चाललो. मग ती अरुंद होत गेली, कारवी दोन्ही बाजूंनी अंगावर आली आणि एका ओल्या खड्ड्यापाशी वाट संपली. गुरांची पाण्याची वाट होती ती.

मी म्हटलं, "इथूनच सरळ वर घुसूया का? गड वरच तर आहे."

"नको. जिथं चुकलो तिथवर मागं जाऊया. पुढं घुसलो तर कुठं चुकलो तेही कळायचं नाही."

त्यांच्या आवाजात वैताग नव्हता. स्वयंपाकात मीठ कमी पडलं तर घालतो, तितक्या सहज त्या वळल्या. फाट्याशी परत आल्यावर त्यांनी डावीकडच्या वाटेत एक डहाळी आडवी टाकली, उतरताना पुन्हा चुकायला नको म्हणून. मग उजवीकडची वाट धरली. ती खडी होती. मी दमून थांबायचे, त्याही थांबायच्या, कळशी कमरेवर घेऊन मागे दरीकडे बघायच्या. वर गडाखालची छोटी वाडी लागली. तिथे उन्हात बसलेल्या एका आजींनी नुसतं हाताने गडाच्या दरवाज्याकडे दाखवलं.

गडावर खरंच देऊळ होतं. तोफाही होत्या, गवतात पडलेल्या, उन्हाने तापलेल्या. सासूबाईंनी देवीपुढे डोकं टेकलं, मग एका तोफेवरून हात फिरवला, जसा गाईच्या पाठीवरून फिरवायच्या. भाकऱ्या खाऊन आम्ही तटाशी गेलो. पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी, खाली जगबुडी नदीचं खोरं. त्या किती तरी वेळ माहेरचं घर शोधत होत्या.

"ते बघा, ते कौलारू," मी म्हटलं.

"ते नव्हे. ते पाटलांचं." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मिळत नाही गो. इकडून सगळं वेगळंच दिसतं." आणि मोकळं हसल्या.

मग त्यांनी पदर तोंडावर ओढला आणि गवतावर आडव्या झाल्या. मला वाटलं पाठ टेकली असेल. बघते तर गाढ झोपलेल्या. भरदुपारी, उघड्यावर, हातपाय पसरून. मी सावलीत बसून राहिले. वारा होता. वर एक घार फिरत होती. त्यांना उठवायची माझी छाती झाली नाही. खरं तर उठवावंसंच वाटलं नाही. उन्हं कलायला लागली तशी त्या आपणच उठल्या आणि केसातलं गवत काढत म्हणाल्या, "चल, अंधाराच्या आत उतरूया."

उतरताना त्या पुढे होत्या. अंगणात भाऊ उभेच होते. "मिळाली वाट?" त्यांनी विचारलं.

"एकदा चुकलो," सासूबाईंनी सांगितलं आणि गोठ्याकडे गेल्या.

त्यानंतर भाताची कामं आटोपली, की एक दिवस त्याच विचारायच्या, "यंदा कुठं?" नवरा चेष्टा करायचा, पण त्या दिवशी स्वतः पाणी भरून ठेवायचा. एका वर्षी आम्ही महिपतगडाला निघालो. रान दाट होतं. आत शिरल्यावर गड दिसेनासा झाला आणि वाटेला फाट्यावर फाटे फुटू लागले. दोनदा मागे आलो. तिसऱ्या फाट्याशी सासूबाई थांबल्या. इकडेतिकडे शांतपणे बघून म्हणाल्या, "हा गड आपल्या दोघींच्याने व्हायचा नाही. माहीतगार हवा."

मला वाईट वाटलं, त्यांना अजिबात नाही. खालच्या पऱ्याशी उतरलो, पाण्यात पाय सोडून भाकऱ्या खाल्ल्या, आणि दुपारच्या एसटीने घरी आलो. शेजारणीने विचारलं तेव्हा सासूबाई दारातच पाय धूत होत्या. "गडावर नाय गेलो," त्या म्हणाल्या, "पण रान काय सुंदर आहे गो तिकडचं!"