दिवा निजू दे

काका आणि टीव्हीवरचा बातम्या सांगणारा माणूस यांचं हाडवैर होतं. तो माणूस रोज संध्याकाळी शहरातल्या हवेचा आकडा सांगायचा, चेहरा पाडायचा आणि मग पडद्यावर एखादी जुनी डिझेल गाडी धूर सोडत जाताना दाखवायचा. काका खुर्चीतून अर्धा उठून त्याच्यावर खेकसायचा, "कारखान्यांची धुराडी दाखव की! तिकडे कॅमेरा जात नाही वाटतं?" मग आतल्या खोलीतून काकूचा खोकला ऐकू यायचा. तो लांबला की काका मुकाट्याने टीव्ही बंद करायचा आणि हात पुसत मागच्या शेडमध्ये जायचा. तिथे त्याची जुनी डिझेल गाडी उभी होती.

मी त्याची पुतणी, वरच्या मजल्यावर राहते. दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलाशी बसते. दिवसभर घाबरलेल्या माणसांशी गोड बोलून घरी येईपर्यंत माझ्यातली साखर संपलेली असते, त्यामुळे काकाच्या वाट्याला बहुतेक उरलंसुरलंच यायचं.

काकाची हयात पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेली. वीज गेली की तिथलं डिझेल इंजिन चालू करायचं आणि शहराच्या नळांचं पाणी तुटू द्यायचं नाही, हे त्याचं काम. त्या इंजिनाने त्याचे कान नेले. फोन कायम स्पीकरवर असायचा, त्यामुळे काकाचं गुपित म्हणून काही उरलंच नव्हतं. कान गेले तरी डिझेलवरचं प्रेम मात्र गेलं नाही. गाडी घेतली तीही डिझेलवरची, राखाडी रंगाची, कुणीतरी आधी मनसोक्त वापरलेली. दोघांना मूलबाळ नव्हतं. सगळे लाड तिचेच व्हायचे. काकू तिला सवत म्हणायची. "सवतीला आंघोळ घालून झाली असेल तर मला चहा विचारा," असं खिडकीतून ओरडायची.

अशा जुन्या गाडीला किल्ली फिरवली की लगेच सुरू करायचं नसतं. आधी आतले हीटर तापावे लागतात. तोवर समोर एक पिवळा दिवा लागलेला असतो. तो गेला की मग इंजिन सुरू करायचं. घाई केली तर गाडी नुसती कण्हते. काका आधी म्हणायचा, "थांब, दिवा विझू दे." काकूने ते पहिल्याच प्रवासात मोडून काढलं. "निघताना तोंडातून असलं काय काढता? निजू दे म्हणा." तेव्हापासून आमच्याकडे दिवा निजायला लागला. मी कामावर जाताना धावपळ केली की काकू म्हणायची, "अगं, दिवा निजू दे जरा." आणि दिवा निजला म्हणजे निघालो. काकूची धाकटी बहीण, आमची मावशी, दूर डोंगरात राहते. तिच्याकडे जायचं असलं की काका गाडीत बसून तिला फोन लावायचा आणि "दिवा निजला गं!" एवढंच बोलायचा. तेवढ्यावर मावशी तिकडे स्वयंपाकाला लागायची.

काकूची छाती दोन-तीन वर्षांपासून बिघडत चालली होती. त्या वर्षी पावसाळा संपता संपता डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की थंडीत इथली हवा यांना झेपणार नाही, थंडीच्या आत यांना इथून हलवा. मावशीने तर खोलीच तयार केली. तिच्याकडे हवा स्वच्छ होती आणि सकाळचं ऊन थेट पलंगावर यायचं. फक्त काकूला तिथे पोचवायचं होतं.

आणि इथे गाडी आडवी आली. ती काळा धूर ओकत होती. त्यातच बातमी आली, की धुराच्या तपासणीत नापास होणाऱ्या जुन्या डिझेल गाड्या नवीन वर्षापासून रस्त्यावर दिसल्या तर थेट भंगारात जाणार. काका हट्टाला पेटला. गाडीचा धूर घालवायचा, तपासणी पास करायची आणि काकूला तिच्यातूनच न्यायचं.

"भाड्याची गाडी कर ना," मी म्हणाले. "उद्या निघाल तुम्ही."

काका काही बोलायच्या आत काकूच म्हणाली, "परक्या माणसाच्या गाडीत मी खोकत बसू? तो आरशातून बघणार. थांबा म्हणायची पण चोरी." काकाने पुढची सीट पार मागे रेलेल अशी करून घेतली होती आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरला मागे पट्टा लावला होता. दोघांचं एकमत असलं की त्या घरात तिसऱ्याला कुणी विचारत नाही. मला मात्र राग यायचा. जी गाडी हिचा श्वास खाते तिच्यातूनच हिला हवा खायला न्यायचं, असा तो सगळा उफराटा कारभार होता.

काकालाही ते कळत होतं, म्हणून तो इंजिन घराजवळ कधीच सुरू करायचा नाही. दर रविवारी गाडी ढकलत गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या जागेत न्यायची. मी, समोरचा इस्त्रीवाला, कधी रस्त्याने जाणारा एखादा बेसावध पाहुणा, सगळे त्या कामाला जुंपले जायचे. तिथे गेल्यावर दिवा निजायची वाट बघायची, इंजिन सुरू करायचं आणि मागच्या नळीवर पांढरा रुमाल धरायचा. तो रुमाल काका घरी आणून काकूला दाखवायचा. ती चष्मा लावून बघायची आणि म्हणायची, "अजून खोकतेय हो बिचारी." सवतीची ती आता बिचारी झाली होती.

काकाने एअर फिल्टर बदलला, टाकी उतरवून धुतली, हीटर नवे घातले. धूर कमी झाला, गेला नाही. मग त्याने इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझल काढल्या आणि डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे नेल्या. पंपवाल्याने हाताच्या दांड्याने दाब देऊन एकेक नोझल तपासली. "धुकं पडायला पाहिजे काका, तुमच्या नुसती लाळ गाळतायत," तो म्हणाला. त्या दिवशी काका घरी आला तेव्हा काकू तोंडाला वाफेच्या औषधाच्या यंत्राचा मास्क लावून बसली होती. काका कौतुकाने मास्ककडे बघत राहिला. "तुझी नोझल काय सुरेख आहे गं!" काकू मास्कच्या आत हसली, आणि हसल्यामुळे तिला जी उबळ आली ती बराच वेळ थांबेना. काका तिची पाठ चोळत "चुकलो, चुकलो" म्हणत होता.

गाडीच्या नव्या नोझल मात्र लवकर मिळेनात. कुठल्याशा देशात युद्ध चालू होतं, माल बंदरात अडकला होता, असं पंपवाला सांगायचा. काका त्या युद्धाच्या बातम्या जिवाचे कान करून ऐकायला लागला. मी रोज काकूला विचारायची, "करू का भाड्याची गाडी?" ती म्हणायची, "अगं, दिवा निजू दे." एकदा काका शेडमध्ये असताना ती माझा हात धरून म्हणाली, "त्यांना काहीतरी करता येतंय गं. माझ्यासाठी दुसरं काय करतील ते? नुसते बसून माझ्याकडे बघत राहतील." 

नोझल आल्या तोवर थंडी पडली होती. काकाने त्या बसवल्या, पंपवाल्याने येऊन डिझेल सुटायचं टायमिंग लावून दिलं, आणि गाडी तपासणीत पास झाली. काका कागद नाचवत घरात शिरला तेव्हा डॉक्टर काकूजवळ बसले होते. त्यांनी काकाला बाहेर आणून सांगितलं, "आता प्रवास नको. रस्त्यातच काही झालं तर काय कराल?" काकाला नीट ऐकू आलं नाही. मला ते त्याच्या कानाशी पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. भिंतीपलीकडे काकू होती. तिने ऐकलंच असणार.

मावशीला आम्ही एवढंच कळवलं, की थोडी ताकद आली की निघू. ती म्हणाली, खोली झाडून ठेवलीय.

पुढच्या रविवारी काकूने हट्ट धरला. "इथेच सुरू करा. मला ऐकू दे." काकाने खिडक्या लावल्या, फटींना ओले टॉवेल कोंबले आणि शेडमध्ये गेला. मी काकूला उशीला टेकवून बसवलं. आधी काहीच ऐकू आलं नाही. तिने बोट वर केलं. "निजू दे." मग इंजिन सुरू झालं आणि एका लयीत चालत राहिलं. काकू डोळे मिटून ऐकत होती. काकाने आणलेला रुमाल तिने दोन्ही बाजूंनी बघितला. तो पांढराच होता.

"आता नाही खोकत," ती म्हणाली आणि रुमाल उशाखाली ठेवून दिला.

आणखी चार-पाच दिवस गेले. एका दुपारी, मी सुट्टीवर होते म्हणून घरीच, काकाने मला हाक मारली. त्याचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. मी खाली आले तेव्हा तो काकूच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत होता. वाफेचं यंत्र चालूच होतं, मास्कमधून नुसतीच हवा जात होती. मी ते बंद केलं. खोली इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती. मला रडू आवरेना. काका रडत नव्हता.

डॉक्टर येऊन गेले. "मावशीला कळवायला हवं," मी म्हणाले. "मी करते फोन."

"नको. मी सांगतो. निघताना मीच सांगतो तिला नेहमी."

त्याने फोन लावला. स्पीकरवर मावशीचं हॅलो आलं. काकाने दोन-तीनदा घसा खाकरला. काकूच्या समोर तो दुसरा, तिने मोडून काढलेला 'विझला' हा शब्द त्याला काढवेना.

"दिवा निजला गं," तो म्हणाला.

"अगंबाई! निघालात?" मावशी आनंदाने ओरडलीच. "बरी आहे ना ती? पुढच्या सीटवर बसवलीत ना? पाठीला उशी द्या हं भाऊजी, आणि काचा वर ठेवा. मी पाणी तापत ठेवते. सावकाश या."

काका पलंगाकडे बघत होता.

"हो," तो म्हणाला. "सावकाश येतो."

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. तो खुर्चीत बसला आणि फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, "मला नाही जमलं. तू सांग."

मी त्याच फोनवरून नंबर लावला. पहिल्याच घंटेला मावशीने उचलला. तिकडे भांड्यात पाणी पडत असल्याचा आवाज येत होता.

"काय हो भाऊजी," ती हसत म्हणाली, "काही विसरलं का?"