डाव्या कोपऱ्यातलं बटण

मोबाइलच्या ॲपमध्ये कोणतं बटण कुठे ठेवायचं, हे ठरवणं माझं काम. आमच्यात एक नियम देवासारखा पूजला जातो: माणूस चुकत नाही, चुकते ती मांडणी. कुणाला बटण सापडलं नाही, तर त्याला बोल लावायचा नाही, बटण सुधारायचं.

म्हणून नवं काही केलं की मी आधी बाबांपुढे ठेवते. हवाई दलातून निवृत्त झाल्यावर ते लखनौलाच, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या घरात राहिले. या वेळी गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप होतं. 'गोळी घेतली' हे बटण डाव्या कोपऱ्यात.

"अच्छा, पण बटण आहे कुठे गं?" बाबा म्हणाले.

मी ते मोठं केलं. दुसऱ्या दिवशी रंग गडद केला. तिसऱ्या दिवशी आजूबाजूची सगळी गर्दी काढली. तरी त्यांचं आपलं एकच, "इथे काही नाहीये." शेवटी वैतागून मी बटण उजवीकडे नेलं, तर त्यांनी झटकन दाबलं. मी स्वतःवर इतकी खूश झाले, की विचारू नका.

आज दुपारी त्याचं टिपण लिहायला बसले. डावीकडे चारदा दाखवलं, चारदा सापडलं नाही; उजवीकडे लगेच. आणि मला ताट आठवलं. हल्ली बाबांच्या ताटात डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते. मला वाटे, आवडत नसेल. नजरेचा एक भाग गेला तरी तिथे काळोख दिसत नाही, आजूबाजूचं पसरवून मेंदू ते भोक बुजवतो, हे मीच लोकांना शिकवते. माणसाला वाटतं, आपल्याला सगळं दिसतंय.

आणि बाबा स्कूटर घेऊन आलमबागला सब्जी आणायला गेले होते.

फोन करायचीही भीती वाटली. गर्दीत तो वाजला आणि त्यांचं रस्त्यावरचं लक्ष उडालं तर? पाऊण तास मी फाटकाबाहेर उभी होते. नको नको ते मनात येत होतं.

स्कूटर आली. मी त्यांच्या डाव्या हाताला, वीतभर अंतरावर होते. हेल्मेट काढून ते घराकडे बघत ओरडले, "अगं, फाटक उघड!"

मी त्यांच्या कोपराला हात लावला, तसे ते केवढ्याने दचकले. बाबांना घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.