लढाई न पाहिलेला खलाशी

एकाहत्तर साली मी तेवीस वर्षांचा होतो, नौदलाच्या विनाशिकेवर खाली बॉयलर सांभाळायचो. आजही जेट्टीवर जळक्या तेलाचा वास आला की ते दिवस आठवतात. लढाई संपली, सुट्टीवर आलो नि म्हसळ्याकडे पोरगी बघायला गेलो. तिच्या बापाने विचारलं, "लढाईत काय पाहिलंस?" म्हटलं, "काय न्हाय. बॉयलरपाशी होतो, तोफा नुसत्या ऐकल्या." माझा बाप कानात पुटपुटला, "दोन बोटी बुडवल्या म्हण की!" मी कशाला म्हणतोय! पोरीचा बाप हसला, "मग लढलास कसला? पोरगी न्हाय मिळायची." तेवढ्यात तिची आई आतून कडाडली, "मीबी जन्मभर चुलीपाशीच हाय. मग तुमी ओटीवर बसून जेवता ते कोणाच्या जिवावर?" पोरीचा बाप ओशाळून म्हणाला, "बरं, पोरगी दिली." दुसऱ्या दिवशी सकाळी मीच बापाला उठवून सुपारी फोडायला घेऊन गेलो.